संग्रहालयात वेबसाइटवाल्याची खुर्ची नेमकी कुठे?

कळफलक

मंडळी, नमस्कार. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

मुंबईतल्या एका संग्रहालयात मी नोकरी करतो. कुठल्या ते विचारू नका. वेबसाइट, वस्तूंच्या फोटोंचा डेटाबेस, सोशल मीडिया, तिकिटाचा क्यूआर कोड आणि (हे नेमणूकपत्रात नव्हतं) संचालकांच्या खोलीतला प्रिंटर, एवढं माझ्याकडे आहे. चार वर्षांत माझं टेबल दोनदा हललं. आधी कॉम्प्युटर विभागात, सर्व्हरच्या खोलीबाहेर. मग शिक्षण विभागात, मुलांच्या क्राफ्ट पेपरच्या गठ्ठ्यांशेजारी. आता जनसंपर्कात. कंत्राट दर वेळी अकरा महिन्यांचं, त्यामुळे टेबलाची आणि माझी ओळख व्हायच्या आतच काहीतरी बदलतं.

आता झालं काय ते सांगतो. गेल्या महिन्यात आमच्याकडच्या गंजिफाची, म्हणजे रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांच्या संचाची, माहिती वेबसाइटवर चढवली. सणासाठी काहीतरी 'रंगीत' हवं होतं आणि संध्याकाळी पाचच्या आत हवं होतं. हाताशी सहा फोटो आणि एका जुन्या इंटर्नने केलेलं अर्ध्या पानाचं टिपण. मी लिहिलं, 'दशावतारी गंजिफा, १२० पत्ते'. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शा. गणितात चूक नाही.

चार दिवसांनी कोल्हापूरहून एका अभ्यासक बाईंची मेल आली. अख्खा संच क्वचित सापडतो, बघायला येऊ का, म्हणून. संग्रह सांभाळणाऱ्या अभिरक्षक (क्युरेटर) बाईंनी कपाटातून नोंदवही काढली. तिच्यात ११८. खाली लाल शाईत, 'दोन पत्ते गहाळ'.

मला बोलावणं आलं. 'वेबसाइटवर वाट्टेल ते लिहिता का?' मी म्हटलं, मॅडम, ही वही मी आज पहिल्यांदा बघतोय. यावर खोलीत जी शांतता पसरली ती अजून कानात आहे.

माझे साहेब जनसंपर्काचे. संग्रहाच्या मीटिंगला त्यांना बोलावत नाहीत, तर मला कोण बोलावणार? पण जगाला वस्तू दिसते ती मी लिहिलेल्या ओळीतून. तर प्रश्न असा, की आमच्यासारख्या माणसाने कुणाच्या हाताखाली बसावं?

लोकलवासी

प्रिंटरच्या.

जुनी_नोंदवही

कळफलक, तुमची बाजू समजली, तरी आधी अभिरक्षक बाईंची बाजू घेतो, कारण मी त्याच खुर्चीत तीस वर्षं होतो.

नोंदवही म्हणजे काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. वस्तू संग्रहात आली की तिला क्रमांक मिळतो. कुणाकडून आली, दान की खरेदी, किती नग, कुठे खरचटलेली, सगळं एका ओळीत. ती ओळ खोडायची नाही. चूक झालीच तर लाल शाईने शेजारी लिहायचं, सही करायची. तोच क्रमांक वस्तूच्या तळाला, खाली वार्निशचा थर देऊन, बारीक ब्रशने घालायचा, म्हणजे उद्या पुसावा लागला तर वस्तूला इजा नको. ऑडिटवाला आला, कोर्टाचं समन्स आलं, तर ही वहीच साक्ष देते. ती सहजासहजी कुणाच्या हातात देत नाहीत, त्यात तुमचा अपमान नाही.

आता तुमची बाजू. मी बडोद्याला शिकलो, तिथला म्युझिऑलॉजीचा (संग्रहालयशास्त्राचा) विभाग १९५२ चा. आमच्या वेळी कॉम्प्युटरचा विषय निघायचा तो याच नोंदींच्या संदर्भात. अमेरिकेत १९६७ साली न्यूयॉर्कच्या काही संग्रहालयांनी एकत्र येऊन म्युझियम कॉम्प्युटर नेटवर्क काढलं, ते कशासाठी? वस्तूंच्या सूच्या यंत्रावर चढवण्यासाठी. तेव्हा प्रसिद्धीचा संबंधच नव्हता. म्हणजे कॉम्प्युटरवाला संग्रहालयात शिरला तो नोंदवहीच्या दारातून. पुढे नव्वदच्या दशकात वेब आलं, दर्शनी काच मिळाली, आणि सगळ्यांना वाटलं हा माणूस दुकानाच्या काचेशी बसवायचा. दप्तरातून उचलून त्याला शोकेसमध्ये ठेवला.

तुमचं टेबल नोंदणी करणाऱ्याच्या टेबलाला लागून हवं, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटिश म्युझियमचं २०२३ चं प्रकरण आठवा. ऑगस्टमध्ये कळलं की सुमारे २००० वस्तू चोरीला गेल्या, हरवल्या किंवा खराब झाल्या. संचालकांनी राजीनामा दिला. त्यातल्या बऱ्याच वस्तूंची नीट नोंदच नव्हती, मग गेलं काय हे तरी कसं कळणार? ऑक्टोबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की पाच वर्षांत सगळा संग्रह ऑनलाइन आणू, आणि त्यासाठी २४ लाख नोंदी नव्याने चढवाव्या किंवा सुधाराव्या लागतील. म्हणजे चोरीवर उपाय काय सापडला? वेबसाइट. ते काम जनसंपर्काने करायचं का?

पाटीपेन्सिल

मी पालिकेच्या शाळेत शिकवते. दरवर्षी दोन वर्ग घेऊन संग्रहालयात जाते, त्यामुळे नोंदवहीवाल्या काकांशी थोडं भांडते.

काका, नोंदणीच्या टेबलाशी बसवलेला माणूस नोंदवहीच्याच भाषेत लिहायला लागतो. 'गंजिफा, वर्तुळाकार, लाखकाम, व्यास अमुक.' माझ्या सातवीतल्या पोरांनी पहिला प्रश्न विचारला होता, 'बाई, हे खेळतात कसं?' ते कुठल्याच संग्रहालयाच्या साइटवर मला मराठीत सापडलं नाही. शेवटी सावंतवाडीच्या एका सहकारी शिक्षिकेला फोन केला. तिने सांगितलं की रात्री खेळ असेल तर सुरुवात करणारा बदलतो, दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो आणि रात्री कृष्णाचा. पोरं एवढी रंगली, की परतीच्या लोकलमध्ये वहीच्या कागदाचे गोल कापून अवतार काढत होती.

हे वेबसाइटवर यायचं तर लिहिणारा माणूस मुलांच्या आवाजाच्या टप्प्यात हवा. म्हणजे शिक्षण विभागात. क्राफ्ट पेपरच्या गठ्ठ्यांशेजारी तुम्ही वाईट जागी नव्हता, कळफलक.

आणि मराठी! आधी इंग्रजी लिहायचं, मग कुणाला तरी 'ट्रान्सलेट' करायला द्यायचं. वाचताना कळतं, वाक्य अंगाला टोचतं. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून गावोगाव आणि शाळांत जाते, ती आमच्याही शाळेच्या अंगणात आली होती. त्यातल्या ताई मुलांशी मराठीत बोलत होत्या. त्यांचं ते बोलणं कुणीतरी टिपून साइटवर टाकावं इतकीच माझी मागणी.

लोकलवासी

आता खरंच विचारतो. भायखळ्याचं संग्रहालय १८७२ साली उघडलं. फोर्टातलं १९१४ ला बांधून झालं, महायुद्धात लष्कराचं इस्पितळ झालं आणि लोकांना आत जायला १९२२ उजाडलं. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून कावसजी जहांगीर हॉलमध्ये. यातली एकही इमारत बांधताना 'वेबवाला इथे बसेल' म्हणून कुणी चौकोन आखला नसणार. मग जिथे जागा रिकामी तिथे माणूस, एवढंच नसेल का यामागे?

कळफलक

@लोकलवासी, हसलो, पण तसंच आहे. आमचीही इमारत वारसा यादीत आहे. भिंतीला भोक पाडायचं तर फाइल फिरते. जनसंपर्काच्या खोलीत लॅनचा पॉइंट आधीपासून होता. माझ्या शेवटच्या बदलीचं निम्मं कारण ते.

हिशेबनीस

अनेक ट्रस्टची खाती बघितलीत, त्यात दोन संग्रहालयं होती. तुम्ही सगळे टेबलाबद्दल बोलताय. कागदावर टेबल नसतं, शीर्ष असतं, म्हणजे खर्च ज्या नावाखाली लिहितात ते.

संग्रहालयाला डिजिटायझेशनसाठी पैसा मिळतो तो बहुधा प्रकल्पाचा. वर्षभरासाठी. त्यात स्कॅनर बसतो, कॅमेरा बसतो, कंत्राटी पोरं बसतात. पगाराचं कायमचं पद बसत नाही. वर्ष संपलं की युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा कशावर वापरला त्याचा दाखला) जातं, पोरं जातात, आणि गोदरेजच्या कपाटात दोन हार्ड डिस्क राहतात. तीन वर्षांनी दुसरी देणगी येते आणि त्याच वस्तूंचे फोटो पुन्हा काढतात, कारण पहिल्या डिस्कवरच्या फाइलींची नावं काय अर्थाची हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. आयएमजी चार आकडे, आयएमजी पाच आकडे. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

एका ठिकाणी (नाव घेत नाही) वेबसाइटचं डोमेनच गेलं. ते घेतलं होतं एका विद्यार्थ्याने, स्वतःच्या मेलवर, हौसेने. तो शिकायला परदेशी गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्या जुन्या मेलवर येत राहिल्या. एके दिवशी संग्रहालयाच्या पत्त्यावर रमीची जाहिरात. विश्वस्तांच्या सभेत विचारलं गेलं, जबाबदार कोण? प्रसिद्धी म्हणे कॉम्प्युटर, कॉम्प्युटर म्हणे एजन्सी. खर्च टाकला होता 'किरकोळ व छपाई'त. मला त्या क्षणी उत्तर मिळालं होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

म्हणून कळफलक, साहेब कोण हे विचारण्याआधी तुमचा पगार कुठल्या शीर्षाखाली पडतो ते अकाउंट्सला विचारून या.

सर्व्हरबाबा

कॉम्प्युटर विभागाला सगळ्यांनी टाकून दिलंय म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. त्यांची मुख्य सूची जानेवारी २०२४ मध्ये परत ऑनलाइन आली आणि तीही फक्त वाचण्यापुरती. सूची बंद म्हणजे ग्रंथ जागेवर असून हरवल्यासारखे. तेव्हा बॅकअप कोण घेतं, पासवर्ड कुणाकडे, हे ज्याला विचारायचं तो माणूस इन्स्टावर रील करत बसला असेल तर कठीण आहे. शिक्षणवाले, नोंदणीवाले सगळे ठीक, पण सर्व्हरशी फारकत नको. बाकी प्रिंटरबद्दल सहानुभूती आहे.

कालव्याकाठी

ॲम्स्टरडॅमहून. इथल्या राइक्सम्युझियम या राष्ट्रीय संग्रहालयाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. नूतनीकरणासाठी मुख्य इमारत २००३ ते २०१३ अशी जवळजवळ सगळी बंद होती. उघडायच्या आधी, २०१२ च्या अखेरीस, त्यांनी सव्वा लाख कलाकृतींच्या मोठ्या प्रतिमा लोकांना खुल्या दिल्या. डाउनलोड करा, छापा, चहाच्या कपावर लावा. मला त्यातलं आवडतं ते हे, की दारं बंद असताना आत नोंदींचं काम चालू होतं.

उलटी गोष्ट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची. २०१३ मध्ये त्यांनी पहिल्यांदाच मुख्य डिजिटल अधिकारी हे पद भरलं, श्री श्रीनिवासन. थेट वरच्या फळीतलं पद, म्हणजे कळफलक यांच्या स्वप्नातलं. २०१६ मध्ये संग्रहालयाला खर्च कापायची वेळ आली आणि ते बाहेर पडले. पण २०१७ च्या फेब्रुवारीत त्याच संग्रहालयाने ३,७५,००० प्रतिमा कुठल्याही अटीशिवाय खुल्या केल्या. अधिकारी गेला, काम उरलं, कारण त्याची मुळं सूचीत होती. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाने २०१३ च्या सुमारास वेगळाच पवित्रा घेतला होता. त्यांचं म्हणणं, वेगळा डिजिटल विभाग म्हणजे बाकीच्यांना हात झटकायची सोय. प्रत्येक विभागाने आपापलं डिजिटल काम शिकावं, मधल्या छोट्या चमूने हात धरावा.

जुनी_नोंदवही

टेटचं ऐकायला छान आहे. आमच्याकडे 'सगळ्यांचं काम' म्हणजे कुणाचंच नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकतात, चार अंगठे येतात, झाली मंजुरी. मूळ ओळ कुणी वाचलेलीच नसते.

आपल्याकडे सोय नाही असंही नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने वस्तूंच्या नोंदींसाठी 'जतन' नावाची प्रणाली केली, केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाखालच्या संग्रहालयांत ती वापरतात, आणि त्यातल्या वस्तू २०१४ पासून सामायिक पोर्टलवर दिसतात. प्रणाली चांगली की वाईट हा वाद वेगळा. त्यात माहिती भरायला बसतो कोण, आणि भरलेली तपासतो कोण? मी निवृत्त झालो तेव्हा भरणारा एक होता, तपासणारा मीच, आणि मला माउस धरता येत नव्हता.

कळफलक

सगळ्यांचे आभार. हिशेबनीस, विचारून आलो. माझा पगार 'जाहिरात व प्रसिद्धी'त पडतो. होर्डिंगच्या खालच्या ओळीत.

काका, तपासण्याचं म्हणालात तर ऐका. बाईंचा राग ओसरल्यावर त्यांनीच मला जुन्या मराठी लेबलांच्या फाइली दिल्या. शेकडो. सगळ्या युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेल्या. फॉन्ट असलेल्या मशीनवर सुंदर मराठी दिसते, दुसरीकडे उघडलं तर चौकोन आणि रोमन अक्षरांची भेळ. शोध तर लागतच नाही. कन्व्हर्टर लावला तर रफार पुढच्या अक्षरावर जातो, 'कूर्म' चा 'कूमर्' होतो. आठवडाभर हाताने दुरुस्त करतोय. त्यात काय काय दडलंय म्हणून सांगू! एका लेबलावर शके आहे, इंग्रजी कार्डावर तोच आकडा इसवी सन म्हणून उतरवलाय. ७८ वर्षांचा फरक कुणाच्याच लक्षात नाही.

आणि आता खरी बातमी. कोल्हापूरच्या बाई यायच्या म्हणून काल गंजिफाची पेटी उघडली. मी फोटोसाठी हजर. अभिरक्षक बाई मोजत होत्या, मी टिपत होतो. मऊ ब्रशने एकेक गोल पत्ता उचलायचा, कापडावर ठेवायचा. दोनदा मोजले.

११७.

बाईंचा चेहरा उतरला. नोंदवहीत ११८. एक पत्ता कमी. पुढचं तुम्हीच समजा, वर ब्रिटिश म्युझियमबद्दल वाचून बसलोच होतो. कुठला नाही ते लगेच काढलं, मत्स्याचा सत्ता.

चुनखडी

धागा आत्ता बघितला. घाबरू नका, आधी संवर्धन प्रयोगशाळेचे ड्रॉवर बघा.

मी त्याच कामात आहे, दुसरीकडे. गंजिफा म्हणजे चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले कापडाचे किंवा कागदाचे थर, त्यावर खडूचा लेप, त्यावर रंग, वर लाख. मुंबईच्या पावसाळ्यात आतले थर ओल पितात आणि फुगतात, लाख तेवढी ताणत नाही. मग पापुद्रा सुटतो. असा एकच पत्ता सुटायला लागला की तो संचातून काढतात, बाकीच्यांना घासू नये म्हणून. ब्लॉटिंग पेपरच्या घडीत जातो, पेटीत चिठ्ठी राहते. चिठ्ठीला कसर लागली किंवा पेटी बदलली की झालं.

आमच्याकडे ही हालचाल एका वेगळ्या वहीत असते. संवर्धनाच्या. ती नोंदवहीशी जुळवत नाहीत आणि कॉम्प्युटरवर तर नाहीच. नोंदणीच्या शेजारी की शिक्षणाच्या शेजारी हा वाद वाचून गंमत वाटली, आम्हाला कुणी धरलंच नाही त्यात.

पाटीपेन्सिल

कळफलक, कळवा हो लवकर. उद्या वर्गात सांगायचंय, पोरं विचारतात त्या पत्त्याचं काय झालं.

कळफलक

सापडला!

प्रयोगशाळेत, खालून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, ब्लॉटिंगच्या घडीत, अगदी चुनखडी म्हणाल्या तसा. हातावर पेलला तर टिकलीपेक्षा थोडाच जड. तांबड्या जमिनीवर सात मासोळ्या, त्यातल्या दोघींचे रंग उडालेले, नुसत्या बाह्यरेषा राहिल्यात. घडीवर पेन्सिलीने क्रमांक आणि 'पापुद्रा, जुलै'. साल नाही. कुठल्या जुलैत गेला देव जाणे.

अभिरक्षक बाई आणि प्रयोगशाळेचे सर समोरासमोर बसले, दोन्ही वह्या उघडल्या, आणि मधे मी लॅपटॉप घेऊन. संध्याकाळी सात वाजेपर्यंत फक्त एवढंच, की कुठली वस्तू कागदावर एका ठिकाणी आणि प्रत्यक्षात दुसरीकडे आहे. एकतीस निघाल्या. चोरीची एकही नाही, सगळ्या अशाच ड्रॉवरमध्ये, फोटोग्राफीच्या खोलीत, एक तर प्रदर्शनातून परत येऊन क्रेटमध्येच.

साइटवरचं पान बदललंय. आता तिथे ११८ आहे, कुठले दोन नाहीत ते आहे, आणि मत्स्याचा सत्ता दुरुस्तीत आहे तेही. जनसंपर्काच्या साहेबांना 'गहाळ' शब्द आवडला नाही, प्रतिमा खराब होते म्हणाले. बाई म्हणाल्या, नोंदवहीत तोच शब्द आहे. साहेब गप्प. खेळायची रीतही मराठीत टाकली, पाटीपेन्सिल यांच्या मैत्रिणीने फोनवर सांगितली तशी, रात्रीच्या सुरुवातीसकट.

टेबलाचं म्हणाल तर आठवड्यातून दोन दिवस मला नोंदवहीच्या खोलीत बसायला सांगितलंय. तिथे प्लगच नाही, पॅसेजमधून एक्स्टेन्शन ओढलंय. पगार अजून होर्डिंगखालीच.

हिशेबनीस

मार्चच्या आत अर्ज टाका, बजेट मंजूर झाल्यावर शीर्ष बदलत नाहीत.

जुनी_नोंदवही

वा! एकच सांगा. 'दोन पत्ते गहाळ' त्या लाल शाईखाली सही कुणाची?

कळफलक

सही आहे, काका. मोडीत आहे, आमच्यात कुणाला वाचता येत नाही.

जुनी_नोंदवही

मला येते. फोटो टाका इथे.

कळफलक

टाकला असता, पण नोंदवहीचा फोटो बाहेर द्यायचा तर परवानगी लागेल. सकाळपासून विचारतोय, ती कुणाकडे मागायची.